कोल्हापूरहून आणलेला चिमटा

आबा कुठल्याही वस्तूला आधी पालथा हात लावत. दाराची लोखंडी कडी असो, नवा पितळी टोप असो, नाहीतर तापानं फणफणलेलं माझं कपाळ असो. वायरमनच्या हाताला जडलेली ती सवय होती. सरळ पंजानं धरलं आणि आत करंट असला तर मूठ आवळते, मग सुटायचं नाव घेत नाही. पालथा हात मात्र झटका बसला की मागे येतो. आई ताटात भाकरी वाढायची तेव्हासुद्धा आबांची बोटं आधी उलटी टेकत. "भाकरेत लाइट नाय हा, जेवा आता," आई म्हणायची, आणि आबा ओशाळून हसायचे. माझ्या आठवणीतलं आमचं घर म्हणजे हे हसू, उकड्या तांदळाच्या पेजेचा वास आणि त्याच्यात मिसळलेला काळ्या चिकटपट्टीचा रबरी वास. माजघरातल्या फळीवर एका बाजूला मिठातल्या कैऱ्यांची बरणी आणि दुसऱ्या बाजूला चिनीमातीचे फ्यूज, लाकडी पट्ट्या, खिळ्यांच्या पुड्या. सुक्या गोलम्याचा, म्हणजे बारीक सुकटीचा, डबा काढायला गेलं की हाताला कधी होल्डर लागे, कधी स्विच. आईनं त्याबद्दल कधी तक्रार केल्याचं मला आठवत नाही.

आचऱ्याच्या खाडीपलीकडे समुद्राच्या बाजूला असलेल्या आमच्या वाड्यांत आबा एकटेच परवान्याचे वायरमन. शाळा त्यांची सातवीपर्यंत झालेली, पण कान असे की संध्याकाळी पडवीत बसून ते बागायतीतल्या मोटारी ओळखत. माडांच्या सळसळीतून, समुद्राच्या गाजेतून पंपांची घरघर येत असायची. आबा मधेच मान वर करून सांगत, "भास्कराची मोटार आज घोगऱ्यान बोलता." आणि दुसऱ्या दिवशी खरंच भास्करकाका गडग्यापलीकडून हाक मारत.

भास्करकाका म्हणजे आबांचे शाळेपासूनचे सोबती. आमच्या आणि त्यांच्या घराच्या मधे चिऱ्यांचा एक गडगा, त्याच्या पलीकडे त्यांची माड-पोफळींची बाग. काका नारळ घेऊन मालवणच्या बाजाराला जात, बाग शिंपायचं काम इंदूकाकींचं. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्यामुळे मी लहानपणापासून अर्धी त्यांच्याकडेच वाढले. माझ्या वेण्या त्या घालत. नारळाच्या गोड रसात बुडवलेल्या खापरोळ्या केल्या की पहिला वाडगा गडग्यावरून माझ्या हातात येई. काकी शिंपण्याला उतरताना नऊवारीचा काष्टा घट्ट मारत, अनवाणी पाटातून चालत, आणि एकट्याच मोठमोठ्यानं पोफळींशी बोलत.

मी बारावी होऊन घरी बसले होते त्या वर्षी काकींना पंपाच्या पाइपाला हात लावला की मुंग्या येऊ लागल्या. "भावोजी, पायपात मुंगळे भरलेत कायसां वाटता," त्या हसत म्हणाल्या. आबा हसले नाहीत. ते जाऊन बघून आले. वायरी बदलल्या, स्विच बदलला. आठ दिवस बरे गेले आणि मुंग्या पुन्हा आल्या. आमच्याकडची हवा खारी, त्यात मोटारीच्या आतलं तारेचं वेटोळं हळूहळू कुजतं आणि करंट कुठूनतरी लोखंडात झिरपू लागतो. तो जमिनीत उतरून जावा म्हणून अर्थिंगचा खड्डा करतात, त्यात कोळसा आणि मीठ भरतात. पण आमची जमीन जांभ्याची. पावसाळ्यात पाणी धरते आणि उन्हाळ्यात विटेसारखी कोरडी होते. कोरड्या खड्ड्यात करंट उतरत नाही, तो पाइपावर वाट बघत राहतो. आबा घरोघर सांगत सुटत, "खड्ड्यात रोज कळशीभर पाणी घाला." लोक चार दिवस घालत, पाचव्या दिवशी विसरत.

किती झिरपतं आहे हे कळलं असतं तर आबांनी मोटार उतरवून सरळ नवं वेटोळं भरायला पाठवली असती. पण ऐन उन्हाळ्यात नुसत्या संशयावरून बाग तहानलेली ठेवायला कोण तयार होणार? आबांजवळ मोजायला काय, एक टेस्टर आणि दोन वायरींना लावलेला बल्ब. त्याच सुमाराला ओरोसला जिल्ह्याची नवी कचेरी आणि नोकरांच्या चाळी उभ्या राहत होत्या, आणि आबा तिथे ठेकेदाराकडे काही दिवस कामाला जात. एके दिवशी ते एस.टी.तून उतरले ते पाय न धुताच बोलू लागले. तिथल्या एका साहेबाकडे त्यांनी परदेशी चिमटा बघितला होता. वायर कापायची नाही, सोडवायची नाही. जबडा उघडायचा, जाणारी आणि येणारी अशा दोन्ही वायरी एकदम आत घ्यायच्या. गेला तेवढा करंट परत आला तर काटा शून्यावर. मधे कुठे झिरपला तर तेवढाच दाखवतो, अगदी अँपिअरच्या हजाराव्या भागापर्यंत. "एवढोसो चिमटो गो शालू," आबा मला म्हणाले, "डाक्टर नाडी बघता तसो." त्या रात्रीच्या जेवणात आईनं केलेलं बांगड्याचं तिखलं त्यांच्या लक्षातही आलं नाही.

इंग्रजी वाचता येणारी घरात मी एकटी. मुंबईच्या दुकानांचे पत्ते ओरोसच्या साहेबाकडून आणून मी पत्रं लिहिली आणि महिन्याभरात जाड कागदाची तीन माहितीपत्रकं आली. संध्याकाळी पडवीत बसून मी वाचायची, आबा ऐकायचे. तसल्या परदेशी चिमट्याची किंमत वाचली तेव्हा आबांनी मला पुन्हा वाचायला सांगितलं. मी पुन्हा वाचली. मग ते उठून मागच्या दारी गेले आणि बराच वेळ आले नाहीत. दुसरा होता साधा टाँग टेस्टर, देशी, आवाक्यातला. दिसायला तसाच जबडा, तसाच काटा. तिसरी वस्तू माहितीपत्रकात नव्हती. कणकवलीला एक म्हातारा वायरमन धंदा बंद करत होता, त्याच्याकडे हातानं दांडा फिरवायचा जुना मेगर होता. वायरीभोवतीचं रबर आणि मोटारीचं वेटोळं किती शाबूत आहे ते तो सांगतो. किंमत टाँगहूनही कमी.

आज मला पक्कं माहीत आहे की तो मेगर घ्यायला हवा होता. काकींच्या मोटारीचा रोग त्याला दहा मिनिटांत सापडला असता. पण त्यासाठी लाइन बंद करून वायरी सोडवाव्या लागत, आणि आबांच्या डोळ्यांसमोर ओरोसचा तो चिमटा होता. त्यांनी मला विचारलं, "तुका काय वाटता?" मी एकोणीस वर्षांची. कणकवलीची जुनाट लाकडी पेटी आणि कोल्हापूरच्या दुकानातली नवी कोरी वस्तू यांत मला निवड अशी वाटलीच नाही. "दुसऱ्यान वापरलेला जुना कित्याक घेवचा, आबा?" मी म्हटलं. बस, एवढंच. माझ्यासारख्या पोरीच्या शब्दाला त्या घरात किती वजन होतं ते मला तेव्हा कळत नव्हतं.

शिमगा झाल्यावर आम्ही दोघं कोल्हापूरला गेलो. दुकानदार गोरा, पान खाल्लेला, बोलायला मोकळा. त्यानं काचेवर टाँग टेस्टर ठेवला. काळी चकचकीत मूठ, पितळी रंगाचा जबडा. मी धीर करून विचारलं, "ह्याच्यात लिकेज दिसतं का?"

"दिसतंय की! करंट म्हंजे करंट. त्यो गळका असू दे न्हाईतर सरळ असू दे," तो म्हणाला. "समदे वायरमन ह्योच नेत्यात."

त्यानं डोक्यावर फिरणाऱ्या पंख्याची बटणापाशी आलेली एक वायर जबड्यात धरली. काटा जागेवरच राहिला. "पंखा लई थोडं वढतोय," असं म्हणून त्यानं इस्त्री लावून तिची एक वायर धरली. काटा टुणकन चारापर्यंत गेला. मग इस्त्रीच्या दोन्ही वायरी एकदम धरल्या, काटा शून्यावर आला. "बघा, लिकेज न्हाई!" आबा काट्याकडे एकटक बघत होते. त्यांनी टाँग हातात घेतला, पुन्हा एकदा पंख्याच्या वायरीला लावला, बाजूला ठेवला. "द्या बांधून," ते म्हणाले.

परतीची एस.टी. गगनबावड्याचा घाट उतरून वैभववाडीला थांबली. आबा चहा आणायला उतरले आणि मी खोक्यातला घडी घातलेला कागद काढून वाचू लागले. काट्याखालचं सगळ्यात लहान घर अर्ध्या अँपिअरचं होतं. म्हणजे अँपिअरच्या हजार भागांतले पाचशे, पाचशे हजारांश. आणि परदेशी चिमट्याच्या माहितीपत्रकात मीच आबांना वाचून दाखवलं होतं की माणसाचं काळीज थांबायला तीस-चाळीस हजारांश पुरतात. मी तिथेच बसल्या जागी मनात गणित केलं. आम्हाला जे शोधायचं होतं ते सगळंच्या सगळं ह्या काट्याच्या पहिल्या घराच्याही अलीकडे होतं. तिथे तो हलणारच नव्हता.

आबा एका हातात दोन कप आणि दुसऱ्या हातात कागदात बांधलेली गरम भजी घेऊन आले. बाहेरचं खाणं त्यांना आवडत नसे, त्यांनी माझ्यासाठी आणली होती. खोकं त्यांनी पुन्हा मांडीवर घेतलं. "काय लिवलाहा त्या कागदात?" त्यांनी विचारलं.

"कसो वापरूचो ता," मी म्हटलं आणि कागदाची घडी घालून ठेवली.

मी का बोलले नाही ह्याची उत्तरं मी चाळीस वर्षं शोधते आहे. दुकानदार परत घेणार नाही असं वाटलं. वीस वर्षं काम केलेल्या आबांना मी काय शिकवणार असंही वाटलं. पण खरं म्हणजे त्यांचा आनंद मला मोडवला नाही. निदान मला तो आनंद वाटला.

पुढचे काही आठवडे आबा वाडीवाडीतून फिरले. लोक कौतुकानं भोवती जमत. आबा दोन्ही वायरी जबड्यात घेत, काटा शून्यावर राही, आणि घरातली बाई निःश्वास सोडी. भास्करकाकांकडे मी सोबत गेले होते. त्या सकाळी आबांनी स्वतः अर्थिंगच्या खड्ड्यात चार कळश्या ओतल्या. मग मोटार चालू केली. शून्य. पाइपाला पालथा हात लावला. काही नाही. काकी पदराला हात पुसत उभ्या होत्या.

"आता लावू मा हात, भावोजी?"

आबा क्षणभर थांबले. ते थांबले होते हे मी पाहिलं.

"लावा, वयनी," ते म्हणाले. "पण खड्ड्यात पाणी घालूक इसरा नको."

वैशाखात भास्करकाका लग्नाच्या कामासाठी तीन दिवस देवगडला गेले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी आई अंगणात तांदूळ पाखडत होती. मोटारीची घरघर नेहमीसारखी चालली होती, पण पोफळींशी बोलण्याचा आवाज नव्हता. "आज इंदू गप कशी?" आईनं विचारलं. आबांनी हातातली भाकरी टाकली आणि गडग्यावरून उडी मारून धावले. मी मागून गेले. त्यांनी आधी मेन स्विच पाडला. घरघर थांबली आणि सगळ्या बागेत पाटातल्या पाण्याचा आवाज तेवढा ऐकू येऊ लागला. काकी पाइपापाशी ओल्या चिखलात आडव्या होत्या, उजवी मूठ घट्ट मिटलेली. आबा त्यांची छाती दाबत राहिले, दाबत राहिले. शेवटी आईनं त्यांना खांद्याला धरून उठवलं. अर्थिंगच्या खड्ड्यातली माती भेगाळली होती.

पंचनामा झाला. तपासायला वीज खात्याचे साहेब आले, तरुण होते, शुद्ध भाषेत बोलणारे. त्यांच्याजवळ तसाच परदेशी चिमटा होता. मोटार चालू करून दोन्ही वायरी जबड्यात धरल्याबरोबर त्याचा काटा सरकला. त्यांनी आकडा कागदावर लिहून घेतला. मग त्यांची नजर आबांच्या पिशवीतल्या टाँगकडे गेली. तो उचलून त्यांनी आमच्या काट्याखालची घरं बघितली आणि हळू आवाजात म्हणाले, "ह्याच्यात हे दिसणारच नाही हो. हा मोठ्या करंटसाठी असतो. तुम्हाला कुणी सांगितलं नाही का?"

आबांनी मान हलवली. होय की नाही ते साहेबांनाही कळलं नसावं. मी चार पावलांवर उभी होते. अहवालात मोटार जुनी झाल्यानं अपघात एवढंच आलं. आबांना कुणीही दोष दिला नाही. वाडीतली माणसं म्हणाली, तिचा भोग सरला.

त्यानंतर आबांनी काम बंद केलं. सांगावे आले की ते आईकरवी अंगात कसर असल्याचं सांगत. पावसाळाभर पडवीत बसून राहिले. आई बालवाडीत पोरांचा खाऊ रांधायला जाऊ लागली. मी डिप्लोमाचा अर्ज भरून ठेवला होता तो तसाच पडून राहिला. ताटात वाढलेलं आबा खात, नाही वाढलं तर मागत नसत.

श्रावणातल्या एका दुपारी मला ते सोसवेना. आई घरात नव्हती. मी त्यांच्यासमोर बसले आणि वैभववाडीला वाचलेलं सगळं सांगितलं. अर्ध्या अँपिअरचं घर, पाचशे हजारांश, सगळं. मला वाटलं होतं ते मारतील. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

ते बाहेर बघतच म्हणाले, "माका ठावक होतां गो."

"कधीसून?"

"दुकानातच. पंख्याचो अख्खो करंट तेका दिसलो नाय. मगे गळता तो काय दिसतलो?"

"मगे घेतलास कित्याक?"

"दुसरो घेवक झेपणारो नव्हतो," ते म्हणाले. "आणि तू एवढ्या हौसेन इल्लंस. रिकाम्या हातान कसो परततलंय? वाटला, कायव नसण्यापेक्षा बरो. लोकांका तरी धीर येयत." मग म्हणाले, "माकाव धीर येय होतो गो. काटो शून्यार बघलंय काय माकाव खराच वाटा."

मी रडले. ते रडले नाहीत. त्यांनी मला जवळही घेतलं नाही. आम्हा दोघांना एकमेकांची चूक कळली होती, पण त्यानं ओझं हलकं होण्याऐवजी एकमेकांचं एकमेकांवर चढलं. आईला आम्ही कधीच सांगितलं नाही. ती गेली ते न कळताच गेली.

आता घरोघर मीटरच्या पेटीत करंट झिरपला की आपोआप पडणारं बटण असतं. माझा एक लांबचा भाचा वायरमन आहे आणि त्याच्या खिशात हजारांश दाखवणारा चिमटा असतो, त्याच्या मोबाइलहून स्वस्त. तो कौतुकानं मला दाखवायला आला होता. मी बघितला, चांगला आहे म्हटलं आणि चहा टाकायला आत गेले.

काकी गेल्या त्याच वर्षी कार्तिकात भास्करकाका आमच्याकडे आले. सहा महिन्यांत ते पार वाळले होते. पोफळींना पाणी हवं होतं, हातानं ओढून पुरत नव्हतं.

"सदा, नवी मोटार हाडलंय," ते पायरीवर बसत म्हणाले. "जोडून दी."

"दुसऱ्या कोणाक तरी सांग, भास्कर."

"दुसऱ्यार माझो इस्वास नाय. ती म्हणी होती, सदाभावोजींनी एकदा बघल्यानी काय चिंता नाय." त्यांनी पंचानं तोंड पुसलं. "तुझ्याशिवाय त्या जागेर कोणाचो हात लागाक नको माका."

आबांनी माझ्याकडे बघितलं. मी चुलीपाशी उभी होते. तेवढ्या वेळात आम्हा दोघांपैकी कुणीही खरं सांगू शकलं असतं. "माझो हात थरथरता आताशा," आबा म्हणाले. तो हात दाराच्या चौकटीवर अगदी स्थिर होता. काकांनी मात्र खरं मानलं. आबांच्या गुडघ्यावर थोपटलं आणि उठून गेले.

त्यांनी दुसरा वायरमन बोलावला नाही. मोटार गोणपाटात गुंडाळून पडवीत पडून राहिली. पहिल्या उन्हाळ्यात पोफळी शेंड्याकडून पिवळ्या झाल्या, दुसऱ्यात कोसळू लागल्या. वाऱ्याच्या दिवसांत एकेक खोड पडल्याचा आवाज आमच्या माजघरापर्यंत यायचा, आणि आबा प्रत्येक आवाजाला जेवता जेवता थांबत. तिसऱ्या वर्षी काकांनी बाग विकली आणि ते पुतण्याकडे देवगडला राहायला निघाले. आम्ही त्यांना पोचवायला स्टँडवर गेलो. एस.टी.त चढताना त्यांनी आबांच्या खांद्यावर हात ठेवला.

"सदा, तू मनाक लावून घेतलंस. तुझो काय एक दोष नाय रे. तू होतंस म्हणान ती निर्धास्त होती."

"बरां," आबा म्हणाले.

गाडी गेली. धूळ खाली बसेपर्यंत आम्ही तिथेच उभे होतो. मग आबा घराच्या वाटेला लागले आणि मी त्यांच्या मागून, चार पावलं अंतर ठेवून.